अडकित्त्याशिवाय अंदमान

विमानतळावर माझा अडकित्ता काढून घेतला. चूक माझीच. श्रीवर्धनचा माणूस घराबाहेर पडताना चष्मा विसरेल, पण खिशात आमच्याकडच्या रोठा जातीच्या चार सुपाऱ्या आणि पिशवीत अडकित्ता असणारच. ती पिशवी सवयीने हातात राहिली. मशीनच्या पलीकडच्या मुलीने अडकित्ता वर धरून विचारलं, "ये क्या है?" वडिलांच्या वेळचा, पितळी दांड्यांचा. मी म्हटलं, "सुपारी काटने का." तिने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा अडकित्त्याकडे, आणि बाजूच्या ट्रेमध्ये टाकला. मोठी बॅग आधीच आत गेलेली. ही एवढंच म्हणाली, "सुपाऱ्या आहेत ना तुमच्याकडे? मग चोखा आता आठ दिवस."

अंदमान हे हिचं कधीपासूनचं होतं. सेल्युलर जेल बघायचं, सावरकरांच्या कोठडीत उभं राहायचं. ते झालं. त्यावर मराठीत इतकं लिहून झालंय की मी भर घालत नाही. फक्त कोलूपाशी, म्हणजे तिथल्या तेलघाण्यापाशी, उभा असताना मनात हिशेब सुरू झाला, तो सांगतो. कैद्याला दिवसाला तीस पौंड खोबरेल काढून द्यावं लागे, असं सांगतात. तीस पौंड म्हणजे साडेतेरा किलोच्या वर. तेवढ्या तेलाला एकवीस-बावीस किलो सुकं खोबरं लागतं, म्हणजे दीडशेच्या आसपास नारळ. रोज. एका माणसाने, बैलाच्या जागी फिरून. आमच्याकडे दीडशे नारळ नुसते सोलायचे म्हटले तरी गडी दुपारी जेवायला जरा लवकरच उठतो. नारळवाल्याला त्या जेलमध्ये दुसऱ्या कुठल्या फलकाची गरज नाही.

बाकीची मंडळी टूरबरोबर हॅवलॉकला गेली आणि आम्ही दोघं वेगळ्या वाटेने, उत्तरेला मायाबंदरकडे निघालो. कारण माझा मित्र. दापोलीच्या कृषी विद्यापीठात होस्टेलला आम्ही एका खोलीत होतो. तो बेटांवर शेतीच्या नोकरीत गेला आणि तिथलाच झाला. पोर्ट ब्लेअरचं सरकारी नाव सप्टेंबर २०२४ पासून श्री विजयपुरम आहे, पण तो फोनवर अजून नुसतं "ब्लेअर" म्हणतो, आणि रिक्षावालेही तेच म्हणतात. त्याने मला चार वर्षं ऐकवलं होतं, "तुझी वाडी पडली ना, मग एकदा इथली पोफळ बघून जा. पाट नाही, पंप नाही, काही नाही. डोंगरावर उभी आहे."

वाडी पडली म्हणजे निसर्ग वादळात. ३ जून २०२०. वादळ आमच्याच किनाऱ्यावर चढलं. सकाळी आमच्या सुपारीच्या वाडीत सहाशे चाळीस पोफळी होत्या, संध्याकाळी वारा उतरल्यावर त्र्याण्णव. मोडल्या त्या मोडल्या, उरलेल्यांपैकी निम्म्यांचे शेंडे पिळवटलेले. पोफळ ही अशी बाई आहे की तिला एकटं उभं राहता येत नाही. दाटीत, एकमेकींच्या आडोशाने, नारळाच्या सावलीत ती उंच जाते. वाडीच्या पश्चिमेची रांग गेली की मागच्या रांगा उघड्या पडतात आणि त्यांची खोडं उन्हाने भाजतात, तडकतात. पडलेली झाडं भरपाईच्या पंचनाम्यात येतात. भाजून दोन वर्षांनी मेलेली कुणी मोजत नाही. नवीन रोपं २०२१ मध्ये लावली. रोठ्याचं झाड धरायला सहा-सात वर्षं घेतं. म्हणजे अजून थांबायचंच आहे, आणि थांबलेला माणूस प्रवासाला मोकळा असतो.

मायाबंदर पोर्ट ब्लेअरपासून सुमारे अडीचशे किलोमीटर. कागदावर हे पाच तासांचं अंतर आहे. प्रत्यक्षात पहाटे साडेतीनला उठायचं, कारण जिरकाटांगच्या फाटकावरून गाड्या ठरलेल्या वेळी तांड्यानेच सोडतात. पुढचा पन्नासेक किलोमीटरचा रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. थांबायचं नाही, काच उतरवायची नाही, फोटो काढायचा नाही. हा तुकडा बंद करा असं सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली सांगितलं होतं. तरी आमच्या पुढे-मागे शंभर गाड्या होत्या. आमच्या गाडीतला एक जण मान वळवून वळवून झाडीत "दिसतात का" बघत होता. मला तर दुसऱ्याच्या परसातून, तो घरात असताना, बिनबोलावता चालत गेल्यासारखं वाटत होतं. ही पूर्ण वेळ डोळे मिटून बसली. झोपली नव्हती.

मिडल स्ट्रेटला बस आणि माणसं फेरीवर चढून बाराटांगला उतरली. पुढची हम्फ्री स्ट्रेटची खाडी आता पुलावरून ओलांडता येते, आझाद हिंद फौज सेतू म्हणतात. मग कदमतला, रंगत, बिल्लीग्राउंड, निंबुडेरा. गावांची नावं वाचत जाणं हीच करमणूक. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांना इथे जमिनी दिल्या, त्यामुळे मधेच तुळशीवृंदावन आणि तळ्यातली बदकं दिसली की आपण बंगालच्या नदियात आहोत असं वाटावं. त्याच्या शेजारी रांची लोकांची वस्ती. छोटा नागपूरहून जंगलतोडीला आणलेल्या मजुरांचे ते वंशज, आणि अंदमानात त्यांच्या जमातीचंच नाव 'रांची' पडलेलं. सगळे एकमेकांशी हिंदीत बोलतात. त्या हिंदीत लिंगभेदाची कटकट नाही. आम्हा मराठी माणसांना फार सोयीची भाषा.

आणि आम्ही निघालो होतो वेबीला.

मायाबंदरपासून वेबी फार लांब नाही, पण मुख्य रस्ता सोडला की आवाज एकदम बदलतो. एका बाजूला खारफुटीची खाडी, दुसऱ्या बाजूला उतार, उतारावर नारळ, पोफळ, काजू, केळी. झाडीतून लाकडी घरं, खांबांवर उचललेली, काहींवर अजून पाल्याचं छप्पर, बहुतेकांवर पत्रा. घराखालच्या मोकळ्या जागेत जाळी, होडीचं वल्हं, डुकराचं पिल्लू, मोटरसायकल. एका घराखाली अर्धी कोरलेली डोंगी पडली होती, एकाच खोडाची. पुढे चर्च. गावात कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. मला आधी वाटलं कुणी गेलंय की काय. मित्र म्हणाला, "नाही रे, हे असेच बोलतात."

वेबी हे कारेन लोकांचं गाव. कारेन मूळचे ब्रह्मदेशातले. ब्रिटिशांच्या वनखात्याला मध्य अंदमानचं जंगल तोडायला माणसं हवी होती, जंगल कळणारी आणि तापाने न पळणारी. मार्शल नावाचे एक अमेरिकन बाप्तिस्त मिशनरी ब्रह्मदेशात कारेनांमध्ये काम करत होते. त्यांच्यामार्फत काही कुटुंबं १९२५ साली इथे आली, सोबत त्यांचा स्वतःचा धर्मगुरू. ही पहिली वस्ती वेबीची. आम्ही गेलो जानेवारी २०२५ मध्ये, म्हणजे ऐन शंभराव्या वर्षात. मायाबंदर-दिगलीपूर भागात आज त्यांची आठ गावं आहेत: वेबी, देवपूर, लटाव, लखनौ, कर्माटांग नऊ, कर्माटांग दहा वगैरे. सगळी मिळून लोकवस्ती दोन-अडीच हजार. आमच्या एका आळीच्या गणपतीला याहून जास्त माणसं येतात.

वेबी म्हणजे 'लपलेलं गाव', असं तिथले लोक सांगतात. कुणापासून लपलेलं, हे मी विचारलं. आम्ही ज्यांच्याकडे उतरलो त्या घरातले आजोबा सत्तरीच्या पुढचे. ते हसले आणि म्हणाले, "पहले सबसे. अब टूरिस्ट से."

आजोबांना 'फू' म्हणायचं आणि आजीला 'फी', हे त्यांच्या नातवाने दारातच शिकवलं. ते बरं झालं. 'सर' आणि 'मॅडम' त्या घरात उगाच उपऱ्यासारखे वाटले असते. नावांची गंमतही त्यानेच सांगितली. कारेनांत आडनाव नाही. पुरुषाच्या नावापुढे 'सॉ' लागतं, बाईच्या नावापुढे 'नॉ', आपण श्री-सौ. लावतो तसंच. पण सरकारी फॉर्मला पहिलं नाव आणि आडनाव असे दोन खण भरून हवे असतात. त्यामुळे कित्येकांचं पहिलं नाव नुसतं 'सॉ' झालंय. "क्लास में टीचर 'सॉ' बोले तो सात लड़का खड़ा होता है." त्यांची भाषा स्गॉ कारेन. लिपी बर्मी वळणाची, गोल गोल. ती १८३० च्या दशकात मिशनऱ्यांनी बसवली. चर्चमधली प्रार्थना आणि गाणी त्याच भाषेत. पोरं शाळेत हिंदी-इंग्रजी शिकतात, रविवारी स्वतःची लिपी.

संध्याकाळ सव्वापाचलाच होते. अंदमान आपल्यापासून हजाराहून जास्त मैल पूर्वेला, पण घड्याळ आपलंच. साडेपाचला दिवे लागले, सहाला काळोख आणि सातला जेवणाची पानं. जेवायला बोलावताना 'ऑ मे' म्हणतात, म्हणजे 'भात खा'. जेवण म्हणजेच भात, हे कोकणातल्या माणसाला शिकवावं लागत नाही. भात, नदीकडेच्या कुठल्याशा पाल्याचं पातळ कालवण, भाजलेला मासा आणि मध्ये एका वाटीत काळपट चटणी. तिचा वास आधी पोचला, वाटी नंतर.

मी हिच्याकडे बघितलं. हिचं माहेर दाभोळचं, वासाची चाचणी तिने आधीच पूर्ण केली होती. "जवळा आहे," ती म्हणाली. "पण सुकवायच्या ऐवजी मुरवलाय." बरोब्बर. त्याला नगापी म्हणतात, बर्मी शब्द आहे. बारीक मासळी किंवा कोळंबी मिठात घालून कुजू द्यायची, कुटायची, मुरवायची. मिरची आणि लिंबाबरोबर भातावर बोटभर घेतली की भात दुप्पट जातो. फी हिच्या पानाकडे लक्ष ठेवून होत्या. हिने दुसऱ्यांदा बोट बुडवलं तेव्हा त्यांनी वाटीच हिच्यापुढे सरकवली. त्यानंतर दोन दिवस या दोन बायकांचं आपसात काय चालायचं देव जाणे. एकीला हिंदी बेताची, दुसरीला कारेन शून्य. पण मी पोफळीच्या उतारावरून परत यायचो तेव्हा चुलीपाशी दोघी काहीतरी निवडत बसलेल्या असायच्या.

मी पहिल्या रात्री जेवणानंतर एक उद्योग केला. ब्रह्मदेश म्हटलं की आमच्याकडे दोनच गोष्टी आठवतात. एक मंडाले, जिथे टिळकांना ठेवलं. दुसरी थिबा राजा. इंग्रजांनी १८८५ साली थिबाचं राज्य घेतलं आणि त्याला आणून ठेवलं कुठे, तर आमच्या रत्नागिरीत. तिथेच तो १९१६ मध्ये वारला, थडगंही तिथेच आहे. आमच्या लहानपणी शाळेच्या सहलीत थिबा पॅलेस ठरलेला. तर मला वाटलं, ब्रह्मदेशातून आलेल्या माणसाला ही ओळख सांगावी, आपण जवळचेच निघू. मी फूंना रंगवून सांगितलं, तुमच्या राजाला आमच्या गावाकडे कैदेत ठेवलं होतं, एवढा मोठा वाडा बांधला, समुद्राकडे तोंड करून बसायचा बिचारा.

फूंनी शांतपणे ऐकलं. मग विचारलं, "बर्मी राजा?"

"हां."

"बर्मी राजा हमारा राजा नहीं था." पानाचा विडा गालातून गालात गेला. "अच्छा किया, ले गया."

मित्राने मला टेबलाखालून पाय मारला. नंतर त्याने समजावलं. कारेनांना बर्मी राजांच्या अमलात फार सोसावं लागलं होतं, म्हणून ते पुढे इंग्रजांच्या बाजूला राहिले. अंदमानात सगळे त्यांना सरसकट 'बर्मी' म्हणतात, त्यांच्या एका गावाला बर्माडेरा म्हणतात, आणि नेमकं तेच त्यांना आवडत नाही. मी शंभर वर्षांची चूक पहिल्याच रात्री पुन्हा केली होती. उद्या कुणी माझ्याकडे येऊन, तुमच्या सिद्दी नवाबाची फार आठवण येते हो, असं म्हटलं तर मी काय करेन!

पण फू रागावले नव्हते. उलट बोलायला लागले. त्यांचे वडील आले तेव्हा पोरसवदा होते. तेव्हा ब्रह्मदेश हिंदुस्थानचाच एक प्रांत होता, म्हणजे देश बदलला नव्हता, नुसता समुद्र ओलांडला होता. १९३७ साली ब्रह्मदेश वेगळा केला आणि यांची माहेरची माणसं विनासायास परदेशी झाली. मग १९४२ ला जपानी आले. मग स्वातंत्र्य, दोन्हीकडचं. फूंनी आयुष्यात एकदाही ती बाजू बघितलेली नाही. "वो कैसा दिखता है, मेरे को मालूम नहीं," म्हणाले. ते दुःखाने म्हणाले असं लिहिलं तर छान दिसेल, पण तसं नव्हतं. मी कधी सातारा बघितला नाही असं सांगावं तशा आवाजात म्हणाले.

जपान्यांवरून एक आठवलं. दुसऱ्या दिवशी उतारावर फिरताना केळीच्या बुंध्याशी मुठीएवढ्या गोगलगाई दिसल्या. त्यांना तिकडे जपानी घोंघा म्हणतात. मूळचा आफ्रिकेचा, पण अंदमानात तो जपान्यांनी खायला आणला असं सांगतात. जपानी तीन वर्षांत गेले, घोंघा राहिला आणि अजून रोपं खातोय. दुसरा त्रास हरणांचा. चितळ इंग्रजांनी शिकारीच्या हौसेने सोडले, खाणारा वाघ-बिबट्या बेटावर नाहीच, त्यामुळे वाढत गेले. कोवळी सुपारी दिसली की शेंडा खाऊन जातात. आणि पश्चिमेला इंटरव्ह्यू बेटावर तर हत्ती आहेत. लाकडाची एक कंपनी १९६० च्या दशकात बुडाली आणि तिने आपले कामाचे हत्ती तिथेच सोडून दिले. पोटापुरतं बेट खाऊन ते जगले. या बेटांवर जो आला त्याने जाताना काहीतरी मागे टाकलेलं आहे, आणि ते सगळं झाडं खातं.

पण माकड नाही! पाच दिवसांत मी एक माकड बघितलं नाही. आमच्याकडे वानरांच्या टोळीने अर्ध्या तासात कोवळ्या नारळांचा जो चिखल करून ठेवावा, तो आठवून मी त्या झाडांकडे बघत होतो. लावायचं आणि आपणच काढायचं. ही चैन मला माहीत नाही.

आता पोफळीबद्दल. यासाठी तर गेलो होतो.

आमची वाडी समुद्राच्या काठावरच्या वाळवट सपाटीवर. पूर्वी रहाटाने, आता पंपाने विहिरीचं पाणी पाटात सोडायचं, आळ्याआळ्यात फिरवायचं, ऑक्टोबर ते मे. पाणी चुकलं की पोफळ रुसली. यांच्याकडे पाऊस आमच्याएवढाच, तीन हजार मिलिमीटरच्या आसपास. पण तो दोनदा येतो. मेपासून सप्टेंबरपर्यंत आपल्यासारखा, आणि मग ऑक्टोबर ते डिसेंबर परतीचा. कोरडे महिने जेमतेम चार. त्यामुळे झाड उतारावर, बिनपाण्याचं उभं. चार महिने पिवळटतं, फळ बारीक धरतं, पण मरत नाही. फळ आमच्या रोठ्याच्या मानाने लहान आणि आत तुरट. मित्राने मला आधी सांगितलं होतं आणि मी विश्वास ठेवला नव्हता: सरकारी शिफारशीतली 'समृद्धी' नावाची जी सुपारी आहे ती मूळ याच बेटांवरून उचललेली. कासरगोडच्या संशोधन संस्थेने निवडली, नाव दिलं, आणि आता ती आपल्याला रोपवाटिकेत विकत मिळते. वेबीच्या फूंना हे नाव माहीत नव्हतं.

मी फूंना विचारलं, ही झाडं ओळीत का नाहीत? आमच्याकडे नऊ फुटांवर दोरी धरून लावतात. ते म्हणाले, आधी मोठं झाड कुठे आहे ते बघतो. जंगलातलं मोठं झाड ठेवून त्याच्या सावलीच्या कडेने लावत गेलो. वडिलांना पगार जंगल तोडायचा मिळायचा, हातात करवत सरकारची. पण घराच्या मागचं त्यांनी तोडलं नाही. म्हणून वारा आला तरी तो आधी त्या मोठ्या झाडांना भेटतो. मी वर बघितलं. गर्जन असावा, खोड सरळ वर गेलेलं, खाली तीस-चाळीस पोफळी वेड्यावाकड्या उभ्या. आमच्या वाडीच्या पश्चिमेला माझ्या आजोबांनी उंडीची रांग ठेवली होती. काकांनी ती १९८८ साली तोडून तिथे कुंपणाची भिंत घातली. भिंतीने वारा अडत नाही, तो वरून येतो. मी तिथेच उकिडवा बसलो आणि खिशातल्या वहीत त्या उताराचा नकाशा काढला. मित्राला वाटलं मी दमलो.

खाडीवरही एक चक्कर झाली. नातवाने डोंगीतून नेलं, मागे उभा राहून एका बांबूने. २००४ च्या सुनामीच्या भूकंपाने पोर्ट ब्लेअरकडची जमीन खचली आणि उत्तर अंदमानची वर उचलली गेली. ते पुस्तकात वाचलं होतं. त्याने हाताने दाखवलं, पाणी आधी कुठवर यायचं आणि आता कुठवर येतं. उचललेल्या पट्ट्यातली खारफुटी उभ्या जागी वाळलेली, पांढरी. काही ठिकाणी तिच्या पायाशी दुसरं काहीबाही उगवलेलं. त्या पोराला पाण्यातलं सगळं कळत होतं: ही मगरीची घसरण, इथे उतरू नका, तो आवाज खंड्याचा. कासवांचे, मगरींचे अभ्यासक गेली कित्येक वर्षं बेटांवर फिरताना कारेन माणूस बरोबर घेतल्याशिवाय निघत नाहीत, हे मित्र सांगत होता. जवळच कर्माटांगच्या किनाऱ्यावर थंडीत कासवं अंडी घालायला येतात. आम्ही रात्री गेलो नाही. पाहुणे टॉर्च लावतात म्हणून तो पोरगा आधीच वैतागलेला होता, आणि मला त्याचं पटलं.

शेवटच्या दुपारी फी ओट्यावर पानाचा डबा घेऊन बसल्या. पान, चुना आणि ताजी ओली सुपारी. सुपारी फोडायला हातात काय, तर दाव. आपल्या कोयत्याचा थोरला भाऊ. हातभर पातं. आसोली, म्हणजे सालासकटची सुपारी डाव्या हाताच्या तीन बोटांत धरली, दाव खाली टेकवलेला, सुपारी वरून दाबली, चार फोडी. मी आयुष्यभर सुपारी कातरतोय, पण माझी बोटं आपोआप मुठीत गेली. मग मी मोठ्या ऐटीत खिशातून रोठा काढला. आमचं श्रीवर्धन ज्यावर जगतं ते पांढरंशुभ्र, गुळगुळीत, टपोरं फळ. अडकित्ता नाही, तर फींच्याच दावावर कातरून घेतलं आणि एक खांड त्यांच्या हातावर ठेवलं.

त्यांनी ते बराच वेळ चघळलं. मग नातवाकडे बघून काहीतरी म्हणाल्या. तो हसायला लागला.

"क्या बोला?"

"बोलती है, ये तो मर गया है."

बरोबर आहे. त्यांच्याकडे सुपारी झाडावरून तोंडात. आम्ही चाळीस-पंचेचाळीस दिवस उन्हात वाळवतो, सोलतो, प्रतवारी लावतो. मी तेवढं सगळं हातवारे करून सांगितलं. फींनी मान डोलावली. वाळलेल्या मासळीचं कारण समजतं, सुपारीचं कशाला, असा काहीसा चेहरा. तरी उरलेल्या दोन रोठा सुपाऱ्या त्यांनी डब्यात टाकल्या आणि आत जाऊन हिच्या ओंजळीत पाच पिकलेल्या, केशरी, आसोली सुपाऱ्या घातल्या. 'ता ब्लू' म्हणजे आभार, एवढं हिला येत होतं. ते ती तीनदा म्हणाली.

मित्राने लगेच कान उपटले. "बी म्हणून लावायची नाही हां. इथला रोग तिथे, तिथला इथे, पुरे झालं." नोकरीच त्याची ती. मी शब्द दिला आणि पाळला. घरी आल्यावर पाचही सुपाऱ्या रोठ्याच्या बरोबर गच्चीवर वाळत घातल्या. दोन आतून किडक्या निघाल्या, एक उंदराने नेली, एक मी कातरून खाल्ली. नव्या अडकित्त्याने. हा लोखंडी आहे, कुरकुरतो. सुपारी चांगली तुरट लागली.

पश्चिमेच्या भिंतीलगत पावसाळ्याच्या तोंडावर उंडीची बावीस रोपं लावली. काका आता नाहीत, पण चुलतभावाने विचारलंच, या बिनकामाच्या झाडांना जागा कशाला.

पाचवी सुपारी हिने जपून ठेवली होती. श्रावणात घरी सत्यनारायण झाला. गुरुजींनी चौरंगावर तांदूळ मांडले आणि गणपती म्हणून ठेवायला सुपारी मागितली. हिने देवघरातून ती आणून दिली. गुरुजी श्रीवर्धनचेच. त्यांनी ती दोन बोटांत फिरवून बघितली.

"वहिनी, तुमच्या घरात ही एवढीशी? रोठा नाही का?"

"असू द्या," ही म्हणाली. "लांबून आलीये."